दत्तारामांचा ठेका



रेडिओवर चित्रपटगीत लावण्यापूर्वी निवेदक काही नावे सांगत असतो. चित्रपट अमुक, गायक अमुक, गीतकार अमुक, संगीतकार अमुक. ही चार नावे घेऊन झाली की गीतास प्रारंभ होतो, आणि प्रारंभ होताच, ज्याच्या हातावर ते सारे गीत तोललेले असते त्या पाचव्या माणसाचे काम आपल्या कानी पडू लागते. हा पाचवा माणूस म्हणजे ठेका धरणारा. कोठे तो तबल्यावर असतो, कोठे ढोलकावर. त्याचे नाव निवेदक सहसा घेत नाही आणि जुन्या तबकड्यांच्या कागदांवरही ते क्वचितच दिसे. आज अशाच एका ठेकेवाल्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. मी संगीतशास्त्राचा जाणकार नव्हे. बीड जिल्ह्यातील दिंद्रुड हे माझे गाव. मॅट्रिक झालो, शाळामास्तर झालो, आणि जिल्ह्यातील निरनिराळ्या गावी मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकवून निवृत्त झालो. तेव्हा हे भाषण पंडिताचे नसून एका चाहत्याचे आहे, हे आधीच सांगून ठेवितो.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६८-६९ च्या सुमारास, आमच्या गावात रेडिओ असलेली घरे बोटांवर मोजण्याजोगी होती. त्या काळी रेडिओ बाळगावयाचा तर पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. असा एक परवानेवाला रेडिओ आमच्या शिंपीकाकांच्या दुकानी होता. सकाळी सिलोनवरून जुन्या चित्रपटांतील गाणी लागत आणि आठ वाजण्याच्या सुमारास सैगलच्या गाण्याने तो कार्यक्रम संपे. सैगलचा आवाज म्हणजे आम्हा पोरांना शाळेची पहिली घंटाच. तो आला की दप्तर उचलावयाचे. तोपर्यंत दुकानाच्या उंबऱ्यावर आमचा मुक्काम असे. आत काका यंत्रावर पाय मारीत असत आणि बाजूच्या पेटीवर भजनी मंडळातील मृदंगवाले आबा, तंबाखू मळीत, मान खाली घालून ऐकत असत. गायकाची तारीफ करणारी मंडळी गावात पुष्कळ होती. या दोघांचे लक्ष मात्र गायकाकडे नसे. त्यांचे कान ढोलकाकडे लागलेले असत.

१९५८ सालच्या 'परवरिश' चित्रपटातील मुकेशने गायिलेले दुःखाचे गीत पुष्कळांच्या स्मरणात असेल. शब्द सारे अश्रूंचे आहेत, मुकेशचा आवाज तर मूळचाच ओला. परंतु त्याच्यामागे जो ढोलक चालतो तो रडत नाही. तो आपल्या गतीने, हलक्या पावलाने, जणू दुःखी माणसाच्या बोटाला धरून वाटेने पुढे नेत असतो. हे गीत लागले म्हणजे काकांचा पाय आपोआप त्या ठेक्यात पडे आणि हाताखालचा टाका वाकडा जाई. मग ते चरफडत शिवण उसवीत बसत. एकदा आबा म्हणाले, "हाताला जोर हाय गड्याच्या, पण दावीत न्हाई." मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावून रात्र-रात्र भजनाला साथ करणाऱ्या माणसाचा हा अभिप्राय होता, आणि याहून नेमका अभिप्राय मी पुढे कोणत्याही नियतकालिकात वाचला नाही.

काकांचे म्हणणे आणखी निराळे होते. 'आवारा', 'श्री ४२०' यांतील ढोलक वाजविणारा आणि हा 'परवरिश'चा ढोलकवाला, दोघे एकच, असा त्यांचा आग्रह. मी शाळेत हुशार गणला जाई. मला ते पटेना. मी म्हणे, "काका, ती गाणी शंकर-जयकिशनांची आणि हे दत्तारामांचे. निवेदक स्पष्ट सांगतो आहे." यावर काका यंत्र न थांबविता म्हणत, "नाव त्यो सांगतो. हात म्या वळखतो."

आता या दत्तारामांची हकीकत सांगतो. दत्ताराम वाडकर यांचा जन्म १९२९ साली गोव्यात झाला. मुलगा असतानाच ते मुंबईस आले आणि पंढरीनाथ नागेशकर यांजकडे तबला शिकले. नागेशकर हेही गोमंतकातलेच. त्यांच्या हाताखाली अनेक तबलावादक तयार झाले. शंकर-जयकिशन या जोडीतील शंकर यांच्याशी दत्तारामांची ओळख एका व्यायामशाळेत झाली, असे सांगितले जाते. शंकर स्वतः तालीमबाज व तबलजी, तेव्हा ही गोष्ट असंभाव्य वाटत नाही. पुढे शंकर-जयकिशनांकडे दत्ताराम साहाय्यक म्हणून राहिले. त्या प्रचंड वाद्यवृंदातील व्हायोलिने व इतर सुरावटीची वाद्ये यांची मांडणी सेबास्टियन डिसोझा पाहात आणि ठेक्याचा सारा कारभार दत्तारामांकडे असे. राज कपूर यांनी निर्माण केलेल्या 'अब दिल्ली दूर नहीं' या १९५७ सालच्या चित्रपटाचे संगीत त्यांना स्वतंत्रपणे मिळाले. मग 'परवरिश' आला, १९५९ साली 'कैदी नं. ९११' आला, १९६० साली 'श्रीमान सत्यवादी' आला. परंतु स्वतःच्या नावाची पाटी लागल्यावरही शंकर-जयकिशनांकडील ठेक्याचे काम या गृहस्थाने सोडले नाही. एका चित्रपटात संगीतकार म्हणून नाव, आणि दुसऱ्या चित्रपटात मागे बसून साथ! ही गोष्ट आजच्या माणसाला सहज समजणार नाही. मला स्वतःला ती समजावयास फार वर्षे लागली.

कहरवा हा आठ मात्रांचा ताल. 'धा गे ना ति, न क धिं ना' हे त्याचे बोल चार दिवस तबल्यापाशी बसलेला पोरही म्हणून दाखवील. भजनात तो आहे, लावणीत आहे, पाळण्याच्या गाण्यात आहे. किंबहुना आपल्याकडे मनुष्य ज्या तालावर जन्मतो, नाचतो आणि देवापुढे उभा राहतो तो बहुधा कहरवाच. इतक्या वापरलेल्या वस्तूत नवे काय करावयाचे? दत्तारामांनी तिच्यात जे केले ते असे की, वादकमंडळी त्या चालीला 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखू लागली. शास्त्र काय असेल ते असो, माझ्या कानास जाणवते ते एवढेच की, ढोलकाच्या डाव्या अंगाचा घुमारा आपण वाट पाहतो तेथे ठोकून पडत नाही. किंचित सरकून येतो आणि गीताला मागून हलकेच पुढे लोटतो. पाळण्याची दोरी ओढणारी बाई पाहा. ती पाळण्याला धक्का देत नाही, पाळणा परतीच्या टोकाशी आला की नुसता हात लावते. मूल जागे होत नाही, आणि पाळणाही थांबत नाही.

धंद्यातील माणसांनी ठेक्याला ज्याचे नाव दिले, त्याचे नाव घरोघर तो ठेका ऐकणाऱ्यांस ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते. २००७ साली दत्ताराम निवर्तले, त्या वेळी त्यांच्याविषयी जे वाचावयास मिळाले त्यातून मला उलगडा झाला की, दोन्हीकडचा हात खरोखरच एक होता. मी तसाच काकांकडे गेलो. दुकान मुलाच्या हाती गेले होते आणि काका ओट्यावर ऊन खात बसले होते. त्यांना मोठ्याने सर्व वाचून दाखविले. काका म्हणाले, "मग म्या काय म्हणलं व्हतं?" आणि चहा सांगावयास मुलाला हाक मारली. चाळीस वर्षांच्या वादाचा निकाल एवढ्यात लागला.

ठेकेवाल्याची उपेक्षा सर्वत्र आणि सर्वकाळ होत आली, असे मात्र म्हणता येणार नाही. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँ तबल्यास बसत आणि रसिकांस बालगंधर्वांइतकेच त्यांचेही कौतुक असे. पुढे १९७० साली त्यांना 'पद्मभूषण' मिळाले. गोव्याचे लक्ष्मण ऊर्फ खाप्रूमामा पर्वतकर एकाच वेळी दोन हातांनी व पायाने निरनिराळे ताल धरून दाखवीत, आणि मोठमोठे उस्ताद त्यांच्यापुढे मान लववीत. पण हे दोघे लोकांच्या डोळ्यांसमोर बसत. दत्ताराम बसत ते बंद खोलीत. श्रोत्याला पडद्यावर दिसतो तो ओठ हलविणारा नट.

पुण्यास माझ्या भाच्याचा मुलगा इंग्रजी गाण्यांचा मोठा शौकी आहे. त्याच्याकडून कळले की, साहेबाच्या देशातही हाच प्रकार. बीटल्स म्हणून जी जगप्रसिद्ध चौकडी होती, तिच्यातील ड्रम वाजविणारा रिंगो स्टार हा डावखुरा मनुष्य उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवी, आणि त्यामुळेच त्याच्या हाताला जगावेगळे वळण होते; तथापि पुष्कळ दिवस लोक त्याला इतर तिघांच्या मागे बसलेला नशीबवान गडी समजत. मुलाने मला ती गाणी ऐकविली. गोंगाट वाटला, खोटे कशाला बोलू. पण दोन गाण्यांनंतर माझा पाय हलू लागला हेही खरे.

काही विद्वान म्हणतात, ज्या साथीदाराकडे लक्ष जाते तो साथीदारच नव्हे; न दिसणे हाच त्याचा धर्म. गीत चालू असता हे मला मान्य आहे. गीत संपल्यावर नाव घ्यावयास काय लागते, हा माझा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न विचारण्याचा मला फारसा अधिकार नाही, तेही सांगून टाकतो.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी एका शाळेत स्नेहसंमेलनाचे निवेदन माझ्याकडे होते. अकरा कार्यक्रम झाले आणि अकराही कार्यक्रमांना सातवीतल्या एकाच मुलाने ढोलकीची साथ केली. त्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. मुलगा आजीपाशी राहिला होता. मी गाणाऱ्या मुलींची नावे घेतली, नाचणाऱ्यांची घेतली, पडदा रंगविणाऱ्याचे घेतले, दिवाबत्तीवाल्याचेही घेतले. कार्यक्रम संपल्यावर म्हातारी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "गुर्जी, माझ्या नातवाचं नाव कवा पुकारलं व्हो? मला नीट ऐकू येत न्हाई." मी म्हणालो, "पुकारलं की, आजी. पहिल्यांदाच पुकारलं." ती समाधानाने गेली. मुलगा जवळच ढोलकीला फडके गुंडाळीत होता. त्याने सर्व ऐकले. माझ्याकडे पाहिले नाही.

तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे आणि भजनाला, भारुडाला ढोलकी वाजवितो. या भाषणाचे ठरले तेव्हा मी त्याच्याकडे गेलो, त्या रात्रीची गोष्ट काढली आणि विचारले, "भाषणात तुझे नाव घेऊ का?" तो हसला. म्हणाला, "आजी गेली की गुर्जी. आता माझं कशाला? दत्तारामांचं घ्या." मग ढोलकी पुढे ओढून त्याने मला तिची शाई दाखविली. कडेने उडाली आहे. परळीला नेऊन भरून आणावी लागेल, येता का बरोबर, असे त्याने विचारले. येत्या सोमवारी आम्ही दोघे जाणार आहोत.