पहिल्या सत्राचा हजेरीपट

(विद्यार्थी दिनाच्या कार्यक्रमात एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो असा : प्राथमिक शाळेतील एका सत्राचे उपक्रम आणि यश. विषय ऐकून मला आधी हसू आले. नोकरीत असताना दर सत्राच्या शेवटी हा अहवाल मी लिहीतच होते. वृक्षदिंडी झाली, प्रभातफेरी झाली, हस्ताक्षर स्पर्धा झाली, अमुक मुलीला तमुक क्रमांक मिळाला. दोन पानांत सगळे बसायचे. पण त्या दोन पानांत जे कधी बसले नाही, ते आज सांगावे असे मनात आले. म्हणून एकच सत्र निवडले आहे, जून ते दिवाळी १९९७. त्या वर्षीची माझी खासगी वही अजून माझ्याजवळ आहे. सरकारी हजेरीपट शाळेत जमा होतो, ही वही माझी होती.

शाळा घाटकोपरची, महानगरपालिकेची. मी तिचे नाव घेत नाही. पण तुमच्यापैकी अनेकजण अशाच शाळेत शिकलेले आहात, त्यामुळे चित्र डोळ्यांसमोर येईल. एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा तीन शाळा. सकाळचे अधिवेशन आणि दुपारचे अधिवेशन. सकाळची मुले सुटायच्या आधीच दुपारची मुले फाटकाशी उभी. एका वर्गाचा फळा पुसायचा आणि दुसऱ्याने लिहायचा. माझ्याकडे तिसरी होती आणि पटावर पन्नासच्या वर मुले.

आमचे सत्र जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आधीच सुरू व्हायचे. मे महिन्याच्या शेवटी आम्ही शिक्षिका दोघी-दोघींच्या जोडीने वस्तीत फिरायचो. कोणाच्या घरी सहा वर्षांचे मूल आहे, कोण गावाहून आले, कोणाचा दाखला राहिला, हे लिहून घ्यायचे. जन्माचा दाखला बहुतेकांकडे नसायचा. “बाई, हा मोठ्या पावसात झाला,” एवढेच आई सांगायची. मग कुठला पाऊस, हे शोधत बसायचे आणि तारीख ठरवायची. आज तुमच्यापैकी कोणाच्या कागदावर १ जून ही जन्मतारीख असेल, तर ती शाळेने दिलेली असण्याची शक्यता फार आहे!

मुलींच्या बाबतीत अडचण वेगळी. धाकटे भावंड कोण सांभाळणार? मागासवर्गीय मुलींना पहिली ते चौथीपर्यंत दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता देण्याची शासनाची योजना १९९२ साली आली, अट ७५ टक्के हजेरीची. रुपया लहान नव्हता, पण आई कामावर गेल्यावर घरातले वर्षाचे पोर रुपयाने सांभाळले जात नाही. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी त्यावर तोडगा काढला. पोर घेऊन ये, पण ये. माझ्या वर्गात त्या सत्रात तीन पाहुणे चटईवर झोपलेले असायचे. तपासणीच्या दिवशी मात्र त्यांची व्यवस्था शिपाईमावशींच्या खोलीत! हा उपक्रम कुठल्याही अहवालात गेला नाही, पण त्यामुळे तीन मुली तिसरी पास झाल्या. मी तो पहिल्या क्रमांकावर ठेवीन.

आता जुलै. त्या जुलैविषयी आपल्या समाजाला मी काय सांगावे? ११ जुलै १९९७, शुक्रवार. रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे परमपूज्य बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे लोकांच्या लक्षात आले. लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर जमले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० माणसे गेली. चारच दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पुढे न्यायमूर्ती गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले. हे सारे तुम्हाला ठाऊक आहे. मी फक्त वर्गातले सांगते.

सोमवारी, १४ तारखेला, माझ्या वर्गात दहा-बारा मुले होती. मी हजेरी घ्यायला बसले. एकेक नाव घ्यायचे आणि पुढे शांतता. मुलांना सवय असते, नाव आले की कोणीतरी “आली नाही बाई” असे ओरडते. त्या दिवशी कोणी ओरडले नाही. अर्धा पट झाल्यावर मी पेन खाली ठेवले. शिकवायचे काय होते? मी मुलांना कागद दिले आणि चित्र काढा म्हटले. कशाचे, ते सांगितले नाही. बहुतेकांनी घर काढले. घराला दार नाही, असे एक होते. काढणाऱ्या मुलाला विचारले, तर म्हणाला, “बंद आहे ना बाई.”

त्या आठवड्यात दुपारी चार्ज दिल्यावर आम्ही तिघी जणी घरोघर जायला लागलो. कोणी बोलावले नव्हते आणि वरून आदेशही नव्हता. एका घरी आई म्हणाली, “बाई, तुम्ही आलात, बसा. पण पोराला पाठवणार नाही. रस्ता ओलांडावा लागतो.” तिला काय सांगणार? भिऊ नका असे म्हणायला मला कोणता अधिकार होता? मी म्हटले, “तुम्ही ओलांडून द्या आणि सुटायच्या वेळेला मी ओलांडून देते.” एवढ्यावर तिने विचार केला. दोन दिवसांनी मुलगा आला. मग रोज शाळा सुटल्यावर माझ्या मागे मुलांची रांग असायची. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्या संस्थेतले तरुण कार्यकर्ते त्या कामाला येऊ लागले. त्यांतले दोघे आज समोर बसलेले दिसताहेत, नावे घेत नाही.

आता माझी चूक सांगते. त्या काळी मूल सलग बरेच दिवस गैरहजर राहिले की त्याचे नाव पटावरून कमी करण्याची पद्धत होती. तपासणीला येणाऱ्या एका साहेबांना हजेरीची टक्केवारी चांगली हवी असे. पट कमी झाला की टक्केवारी आपोआप सुधारते, हे गणित तिसरीच्या मुलालाही कळेल. ऑगस्टअखेर मी लाल शाईने चार नावे कापली. चौघांच्या घरी मी एकेकदा जाऊन आले होते, कुलूप होते, शेजारी म्हणाले गावाला गेलीत. दुसऱ्यांदा गेले नाही. माझ्या वहीत त्या पानावर फक्त “गावी” असे लिहिले आहे. कुठल्या गावी, ते लिहिलेले नाही.

बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना एक आकडा मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात ती १८, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. दाखल्यांचा आकडा पाहून खूश होणाऱ्यांना त्यांनी गळतीचा आकडा दाखवला. मी डी.एड. होते, हा आकडा मी भाषणांतून ऐकला होता. पण ती ८२ मुले कोणाच्या पेनातून गळतात, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते, ते कळले नाही.

त्याच सत्रात आणखी एक गोष्ट झाली. २५ जुलै १९९७ रोजी के. आर. नारायणन यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. देशाचे पहिले दलित राष्ट्रपती. वर्तमानपत्रात त्यांची माहिती आली होती, ती मी वार्ताफलकावर लिहिली. केरळातल्या उझवूर गावचा मुलगा, रोज कित्येक मैल चालत शाळेला जायचा, फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकायचा. पुढे शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकायला गेला, ज्या संस्थेत बाबासाहेब शिकले त्याच संस्थेत. मी लंडनवर जोर देऊन सांगत होते, मुलांचे लक्ष दुसरीकडेच. एका मुलीने विचारले, “बाई, बाहेर उभं राहून ऐकू येतं का?” मग आम्ही करून पाहिले! पाच मुले बाहेर, दार उघडे, मी आत गणित सांगते. ऐकू आले, पण फळा दिसला नाही. त्या दिवशीच्या गोंगाटाबद्दल शेजारच्या वर्गाच्या बाई माझ्यावर रागावल्या. ११ जुलैनंतर वर्ग पहिल्यांदा हसला तो तेव्हा.

१ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती एकाच दिवशी येते. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिराग नगरात राहत, तिथल्या झोपडीत बसून लिहीत. त्यांची शाळा दीड दिवसाची, असे सांगितले जाते. मुलांना हे फार आवडते. “दीड दिवस शाळेत जाऊन एवढा मोठा लेखक, मग आम्ही रोज कशाला यायचं?” हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मला दर वर्षी नव्याने उत्तर शोधावे लागे. त्या वर्षी एका मुलानेच दुसऱ्याला उत्तर दिले, “त्यांना मारून हाकललं असेल. तुला कोण मारतंय?” अण्णाभाऊंची सगळी पुस्तके वाचलेल्या एखाद्या विद्वानालाही यावर अधिक काही बोलता येईल असे मला वाटत नाही.

स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव त्याच १५ ऑगस्टला झाला. लेझीम झाले, समूहगीत झाले, पाहुण्यांची भाषणे लांबली, दोन मुलांना उन्हात चक्कर आली. त्याचे फोटो आहेत, म्हणून अधिक सांगत नाही.

चौथीच्या शिष्यवृत्तीचा वर्ग मात्र सांगितला पाहिजे. शाळेत जागा नाही, सकाळचे अधिवेशन सुटले की दुपारचे भरते. तेव्हा आपल्या विहारात संध्याकाळी सहा ते आठ वर्ग सुरू केला. बुद्धिमत्ता चाचणीचे पुस्तक एक, मुले सतरा. प्रश्न वर्तमानपत्राच्या मोठ्या कागदावर काजळी शाईने लिहून भिंतीला लावायचे. वंदना झाली की अभ्यास. शिष्यवृत्ती किती जणांना मिळाली, असे तुम्ही विचाराल. एकालाही नाही! पण त्या सतराही जणांनी पाचवीत नाव घातले. आमच्या मुख्याध्यापिका बाई निकालाने नाराज झाल्या, मी झाले नाही.

आणि आता त्या चार नावांचे. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. सहामाहीचे पेपर दाखवून झाले होते, मुले फाटकाबाहेर पडत होती. तेवढ्यात कापलेल्या चौघांपैकी एक दारात उभा. उंच झालेला, टक्कल केलेला, पायात चप्पल नाही. सोबत आजी. “हा म्हणतो, बाईंच्या वहीत माझं नाव आहे,” आजी म्हणाल्या. मी काय सांगणार? हजेरीपट काढला. नाव होते, पण त्यावर लाल रेघ. त्याने ती पाहिली. वाचता येत होते त्याला, मीच शिकवले होते. “बाई, ही माझ्यावर का?” एवढेच विचारले.

नियमाप्रमाणे त्याला नव्याने दाखल करावे लागले. जनरल रजिस्टरमध्ये त्याच्या नावाला दुसरा नंबर पडला. एकाच शाळेत एकाच मुलाचे दोन नंबर. उरलेल्या तिघांचा पत्ता मला लागला नाही. मी निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये वस्तीत गेले की त्या तीन आडनावांची चौकशी करत असे.

विद्यार्थी मित्रांनो, आजचा दिवस ७ नोव्हेंबर आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव लिहिले गेले. २०१७ पासून राज्य शासन हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळते. ते रजिस्टर जपून ठेवलेले आहे. लोक नोंदीचे छायाचित्र पाहतात आणि हात जोडतात. मला ते पाहताना प्रत्येक वेळी वाटते, की ज्या शिक्षकाने हे नाव लिहिले त्याने पुढे त्यावर रेघ मारली नाही.

काळ बदलला आहे, हे मान्य केले पाहिजे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही असे त्यात लिहिले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले जेवण मिळू लागले. पालिकेच्या मुलांना वह्या, गणवेश, दप्तर असे साहित्य मोफत मिळते. दुसरीकडे मराठी माध्यमाच्या पालिका शाळांचे वर्ग ओस पडत चालले आहेत, आणि आपलेच लोक कर्ज काढून मुलांना गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घालतात. त्यावर स्वतंत्र व्याख्यान लागेल, आणि ते ऐकून काहीजण उठून जातील.

संस्थेकडे माझे एकच मागणे आहे. येत्या मे महिन्यात, शेवटच्या दोन रविवारी, दहा तरुण-तरुणी मला द्यावेत. माझे गुडघे आता चढावर चालत नाहीत, पण खाली रस्त्यावर खुर्ची टाकून मी वही घेऊन बसेन. कोणत्या खोलीत सहा वर्षांचे मूल आहे, कोण शाळा सोडून बसले आहे, कोण गावी गेले आणि कुठल्या गावी गेले, हे त्यांनी वर जाऊन विचारून यावे. गावाचे नाव, तालुका आणि तिथल्या नातेवाइकाचा फोन लिहिल्याशिवाय खाली यायचे नाही. कुलूप असेल तर पुन्हा जायचे. ज्यांना यायचे असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे नावे द्यावीत. वही मी बरोबर आणली आहे.