जंगल म्हणजे नेमके काय?

बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाने व्यापला आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु श्रोतेहो, हे जंगल कोणी आणि कोणत्या अर्थाने मोजले, असे विचारले की उत्तरे निरनिराळी येतात.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजणी करते. एक हेक्टर वा अधिक जागेवर किमान दहा टक्के वृक्षच्छाया असली, की मालकी कोणाचीही असो, ते तिच्या लेखी वनाच्छादन होय. वनखात्याचे जंगल म्हणजे कायद्याने अधिसूचित झालेली भूमी. तीवर आज झाड नसले तरी ती जंगलच. महसुली दप्तरात तर ‘मोठ्या झाडांचे’ व ‘लहान झाडांचे’ जंगल अशा वेगळ्याच नोंदी आढळतात.

बाबेलच्या बुरुजापाशी भाषा भिन्न झाल्या, म्हणून काम थांबले. येथे शब्द एक आणि अर्थ अनेक. म्हणून काम थांबत नाही, चुकीच्या दिशेने चालू राहते.

त्याचे मोल सामान्य माणूस देतो. मध्य प्रदेशात काही जमिनी वन आणि महसूल या दोन्ही खात्यांनी आपापल्या मानल्या. त्यांना ‘नारंगी क्षेत्र’ म्हणतात. तेथे एका खात्याचा पट्टा दुसऱ्याला अतिक्रमण वाटतो. सीमेपलीकडे विदर्भात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनींवर घरे, शाळा, कचेऱ्या उभ्या राहिल्या. आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या १९९६ च्या आदेशास अनुसरून त्या जमिनी वनभूमीच ठरविल्या. जुन्या वापरास नियमित करण्याची वाट न्यायालयाने ठेवली, हे खरे. पण तोवर किती वर्षे अनिश्चिततेत गेली!

यावर सर्वांवर एकच व्याख्या लादणे हा उपाय नव्हे, कारण प्रत्येकीचे प्रयोजन वेगळे आहे. प्रत्येक अर्थाला स्वतंत्र नाव द्यावे आणि आकड्याशेजारी ते नाव लिहावे. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत गावोगावचे संकेतांक आहेत. सर्व खात्यांनी तेच वापरले, तर दोन दप्तरे शेजारी ठेवून तफावत निर्णयापूर्वीच दिसेल.

मात्र असा सामायिक शब्दकोश निर्णय घेणाऱ्याच्या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे. पट्टा द्यावयाचा असेल, तर नोंद आणि ताबा पाहावा. रोपे लावावयाची असतील, तर वृक्षच्छाया पाहावी. शब्दाचा अर्थ आधी ठरला नाही, तर आकडा अचूक असूनही न्याय चुकेल.