पहिल्या ओळीत मजुरी लिहा

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला भाषण येत नाही, झाड येतं. वीस वर्षं मुंबईत झाडांच्या फांद्या उतरवतोय. आधी ठेकेदाराकडं चढायचो. आता वस्तीतल्याच पाच जणांना घेऊन स्वतःची टोळी चालवतो. म्हणजे मी चढणारा आहे आणि तुमच्यातले काही मागून म्हणतात तसा छोटा मालकही आहे. ते मला ऐकू येतं. म्हणून आज वहीच घेऊन आलोय. आधी हिशेब ऐका, मग काय म्हणायचं ते तोंडावर म्हणा.

एका दिवसाचं काम घ्या. सोसायटीच्या आवारातले दोन मोठे रेन ट्री, पावसाळ्याआधी छाटायचे. वर चढणारे दोघं, प्रत्येकी १,२००, झाले २,४००. खाली दोर धरायला आणि फांद्या ओढायला तिघं, ८०० प्रमाणं २,४००. टेंपोच्या दोन फेऱ्या ३,०००. कटरचं पेट्रोल आणि ऑइल ६००. चेनीला धार आणि मशीनची झीज ३००. दोर, पट्टे, हेल्मेट झिजतातच, त्याचे ४०० बाजूला. विमा ३००. चहा-जेवण ५००. परवानगीच्या अर्जामागं फिरणं आणि फोन ३००. माझी स्वतःची मजुरी १,२००. रिकाम्या दिवसांसाठी १,१००, कारण एप्रिल-मेमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते आणि दिवाळीनंतर कुणी कुत्रं विचारत नाही. बेरीज १२,५००.

सेक्रेटरी साहेब कागद बघतात, चष्मा वर करतात आणि म्हणतात, "दुसरा आठ हजारात करतोय."

आता हे ४,५०० कुठून कमी झाले? दुसऱ्याकडं काही जादू नाही. पेट्रोलपंपावर गरिबाला वेगळा भाव नाही. टेंपोवाला एक रुपया सोडत नाही. कानस घासल्याशिवाय चेन कापत नाही. मग कापायचं काय? रिकाम्या दिवसांचे १,१०० गेले. दोराचे ४०० गेले. विम्याचे ३०० गेले. झाले १,८००. उरले २,७००. ते माणसातून. पाचाच्या जागी तीन माणसं आणि तिघांना सातशे-सातशे. ४,८०० ची मजुरी २,१०० वर आली. हिशेब जुळला! सेक्रेटरी साहेब खूश.

पण झाडावर काय होतं ते बघा. मोठी फांदी कापण्याआधी तिला दोर बांधतात, त्या दोराला बुंध्याशी वेढे देतात आणि खालचा माणूस तो हळूहळू सोडतो. खाली तिघांच्या जागी दोघं. एक टेंपो भरतोय, दोरावर एकटाच. फांदी झोका घेऊन उलटी येते ती वरच्याच्या छातीवर. स्वस्त दराची किंमत कुणीतरी देतोच. तो नेहमी वर असतो.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. मी हे केलंय. २०१६ साली काम हातचं जाऊ नये म्हणून मी दर पाडला. दोर जुनाच वापरला, विमा काढला नाही. झाड गुलमोहराचं. त्याचं लाकूड ठिसूळ, मोडताना इशारा देत नाही. २२ वर्षांचा पोरगा ज्या फांदीला बांधून होता तीच गेली. खुबा मोडला. दवाखान्याचं बिल वस्तीनं वर्गणी काढून भरलं. सोसायटीनं आमचे पैसे पूर्ण दिले, वेळेवर दिले. कागदावर त्यांचा दोष नव्हताच. कागदावर तो पोरगाच नव्हता. तो आज माझ्याशी बोलतो. त्याची आई बोलत नाही.

दोस्तहो, महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष ठरवलं. तोडायचं झालं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. चांगलं आहे, झाड जगलंच पाहिजे. पण माणसाचं वयही कायदा मोजतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? कामावर मेलेल्या मजुराची भरपाई १९२३ च्या कायद्यात होती, आता ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. सूत्र असं : महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग, गुणिले वयाप्रमाणं ठरलेला आकडा. तिसाव्या वर्षी तो आकडा २०७.९८. नोंदलेली मजुरी १४,००० असेल तर घरच्यांना १४,५५,८६०. वहीत ७,००० लिहिली असेल तर ७,२७,९३०. म्हणजे तुमची मजुरी कमी लिहिणारा तुमचं मरणही अर्ध्या किमतीत काढतो. आणि नावच लिहिलं नसेल तर बायकोनं आधी हेच सिद्ध करत फिरायचं की आपला माणूस त्या झाडावर होता.

ठेकेदार मला म्हणायचा, "पन्नास कमी घे, लाकूड तुझं." मी खूश व्हायचो. मोळी घेऊन घरी आलो की माझा बाप चूल पेटवायचा आणि गप्प बसायचा. खूप वर्षांनी एकदा बोलला, "हे बलुतंच की रे." बलुतं म्हणजे पगार नव्हे. काम ठरलेलं, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. महारवतन कायद्यानं १९५८ साली गेलं. १९४६ साली बाबासाहेब मजूरमंत्री असताना किमान वेतनाचं विधेयक आलं, १९४८ साली कायदा झाला. आणि आपण अजून मोळी, वडापाव आणि "वरचे शंभर" यावर झाडावर चढतो. गाव सुटलं, बलुतं टेंपोत बसून शहरात आलं.

मग करायचं काय? मी तीन गोष्टी करतो. दराच्या कागदावर पहिल्या ओळीत मजुरी लिहितो, माणसांच्या नावानिशी. दुसऱ्या ओळीत विमा आणि दोर. पेट्रोल-टेंपो त्याच्या खाली. घासाघीस करायची तर खालच्या ओळींवर करा, वरच्या दोन ओळींना हात लावू देत नाही. यात कामं जातात. मागच्या हंगामात बरीच गेली, खोटं कशाला बोलू. म्हणून तिसरी गोष्ट : आसपासच्या टोळ्यांना भेटतोय. पाचाखाली माणसं आणि ठरल्याखाली मजुरी कुणीच घ्यायची नाही, असं ठरवू बघतोय. एकट्यानं पाळलं तर उपाशी मरू. सगळ्यांनी पाळलं तर सेक्रेटरी साहेब स्वतः झाडावर चढणार आहेत थोडेच!

तुम्ही शिकलेले. कुणी ऑफिसात आहात, कुणी सोसायटीत राहायला गेलात. तुमच्या आवारात झाड छाटायला येईल तेव्हा खिडकीतून फोटो काढू नका. खाली या. वर गेलेल्याचं नाव विचारा, आणि ते वहीत आहे का ते बघा.

मी मालक आहे की मजूर, ते आता तुम्ही ठरवा. वही इथं टेबलावर ठेवतोय.

जय भीम.