ठाण्यातला पहिला दिवस
(गिरड येथील कायदा जागृती सभेत एका फौजदारी वकिलाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बाबा फरीदच्या टेकडीच्या पायथ्याशी बोलायला उभे राहायचे म्हणजे सगळ्यांसमोरच बोलायचे. इथे दर्शनाला येणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही. मी आज ज्या कायद्याबद्दल बोलणार आहे, त्याच्याकडूनही आपली एवढीच अपेक्षा आहे. समोर कोण आहे हे न पाहता त्याने चालावे.

मी फौजदारी वकील आहे, तोही आरोपीच्या बाजूचा. लग्नकार्यात, चहाच्या टपरीवर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "वकीलसाहेब, तुम्ही गुन्हेगारांना का वाचवता?" आजचे भाषण या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर लांब आहे, पण त्याची सुरुवात आपल्या शेजारच्या हिंगणघाटात होते.

3 फेब्रुवारी 2020. हिंगणघाटच्या नंदोरी चौकात कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले. 10 फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. त्या आठवड्यातला संताप तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मोर्चे निघाले, बंद पाळले गेले आणि एक मागणी सगळीकडून आली, "हैदराबादसारखे करा." ही मागणी करणाऱ्यांत सगळ्या समाजाचे लोक होते. आपलेही होते.

हैदराबादला काय झाले होते? नोव्हेंबर 2019 मध्ये एका पशुवैद्यक तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. 6 डिसेंबरच्या पहाटे चारही संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर, आपल्या नागपूरच्या कोर्टात वकिली केलेले. 2022 मध्ये त्या आयोगाचा अहवाल जाहीर झाला. पोलिसांनी जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, असा निष्कर्ष त्यात होता. मेलेल्या चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असेही त्यात म्हटले होते. पण तो अहवाल वाचायला फुले उधळणारे कोणी आले नाहीत. आणि त्या तरुणीचा खून नेमका कोणी, कसा केला हे आता कोणतेच न्यायालय पुरावा तपासून सांगू शकणार नाही.

हिंगणघाटात तसे झाले नाही. तपास झाला, दोषारोपपत्र दाखल झाले, साक्षीदार तपासले गेले. आरोपीला वकील होता आणि त्याने उलटतपासणी घेतली. 10 फेब्रुवारी 2022 ला, म्हणजे तिच्या मृत्यूला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. उलटतपासणीतून तावून निघालेली शिक्षा पक्की असते. म्हणून आरोपीचा वकील पीडितेचा वैरी नसतो. तो निकालाची परीक्षा घेतो.

महाराष्ट्रातही आपण हे पाहिले. बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणातला आरोपी 23 सप्टेंबर 2024 ला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला आणि मुंबई उच्च न्यायालयाला गुन्हा नोंदवून तपास करा असे सांगावे लागले. आरोपीबद्दल कोणाला सहानुभूती असण्याचे कारण नाही. पण ज्या दिवशी आपण म्हणतो, "याला कोर्टाची गरज नाही", त्या दिवशी कोर्टाची गरज कोणाला आहे हे ठरवायचा अधिकार आपण बंदूकधाऱ्याला देतो. उद्या तो कोणाचे नाव घेईल? ज्याच्यामागे वकील नाही, पैसा नाही, त्याचे. गरिबाचे, पारध्याचे, दलिताचे, मुसलमानाचे.

आता दुसरे उदाहरण. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यापेक्षा मोठा गुन्हा कोणता असेल? कसाबलाही वकील देण्यात आला. खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फाशी झाली. पण त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीयही आरोपी होते. हल्लेखोरांना नकाशे पुरवले, असा त्यांच्यावर आरोप होता. एक नकाशा मेलेल्या हल्लेखोराच्या पॅन्टच्या खिशात सापडला, असे पोलिसांचे म्हणणे. पॅन्ट रक्ताने माखलेली आणि नकाशावर रक्ताचा डाग नाही. ही गोष्ट न्यायालयाला पटली नाही. दोघेही त्या खटल्यात निर्दोष सुटले आणि तो निकाल 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. फहीमचे वकील होते शाहिद आझमी. निकाल ऐकायला ते नव्हते. 11 फेब्रुवारी 2010 ला कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. "असल्यांचा खटला कशाला चालवायचा" हे त्या वेळच्या गर्दीचे म्हणणे मानले असते, तर हे दोघेही त्यात गेले असते.

तिसरे उदाहरण 11 जुलै 2006 चे. मुंबईच्या लोकल गाड्यांमधल्या स्फोटांत 189 माणसे गेली. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब आणि ओळख पटवणारे साक्षीदार यांवर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही, असे 24 जुलैला तिथे सांगण्यात आले. बारापैकी एक जण हा निकाल ऐकायला जिवंत नव्हता. 2021 मध्ये तो नागपूरच्या तुरुंगातच कोरोनाने गेला होता. आणि ज्या 189 घरांतली माणसे गेली, त्यांनी कोणाला विचारायचे, की मग खरे गुन्हेगार कुठे आहेत? चुकीचा माणूस आत टाकला की दोन अन्याय होतात. एक आत गेलेल्यावर आणि दुसरा मेलेल्यावर.

मित्रांनो, ही मोठी प्रकरणे झाली. पण ती बिघडतात कुठे? सर्वोच्च न्यायालयात नाही. ती बिघडतात ठाण्यात, पहिल्या दिवशी. त्या दिवशी जो कागद होतो, किंवा होत नाही, तोच पुढे दहा-वीस वर्षे बोलतो.

आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. इथे रोजच्या केसेस म्हणजे दारूची वाहतूक, जनावरांची वाहतूक, मारामारी आणि अलीकडे मोबाईलवरचे स्टेटस. माझ्याकडे आलेला एक प्रसंग सांगतो, गावाचे आणि ठाण्याचे नाव घेत नाही. एका मुलाला संध्याकाळी "फक्त विचारपूस करायची आहे" म्हणून नेले. घरच्यांनी मला तिसऱ्या दिवशी फोन केला. कागदावर अटक त्याच तिसऱ्या दिवसाची होती. मधल्या दोन रात्री तो कुठे होता? आईला माहीत, शेजाऱ्यांना माहीत. पण कोर्टात दाखवायला कोणाकडे काही नव्हते. ना अर्ज, ना मेसेज. त्या दोन रात्री कायद्याच्या दृष्टीने झाल्याच नाहीत.

म्हणून आज घरी जाताना थोड्या गोष्टी लक्षात घेऊन जा. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू आहेत. कलमांचे नंबर बदलले, पण हक्क गेलेले नाहीत.

पहिली गोष्ट, सूचनापत्र. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 प्रमाणे हजर राहण्याची लेखी सूचना देता येते. ती मिळाली तर टाळू नका. वेळेवर जा, वकिलाला सांगून जा आणि पोहोच घ्या. सूचना पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहावे लागते. बाई, पंधरा वर्षांखालचे मूल, साठ वर्षांवरचा माणूस, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचे असते.

दुसरी गोष्ट, अटकेची कारणे. ती लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. ताबडतोब देणे शक्य नसेल, तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी कागद हातात पडला पाहिजे. अटकेची खबर घरच्याला किंवा मित्राला देणे बंधनकारक आहे. चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पूर्ण वेळ नसला तरी. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावेच लागते.

तिसरी गोष्ट, घरच्यांची. माणूस नेला की त्याच रात्री लिहा. किती वाजता नेले, कोणत्या गाडीतून, कोणी पाहिले. 112 ला फोन करा आणि पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला अर्ज किंवा ईमेल पाठवा. ठाण्यात कॅमेरे लावायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये दिला आहे. त्या तारखेचे चित्रण जपून ठेवा, असा लेखी अर्ज लगेच द्या. भांडू नका, आवाज चढवू नका. अर्ज द्या आणि पोहोच घ्या.

चौथी गोष्ट, पंचनामा. तुमच्यापैकी कोणाला कधी ना कधी पंच म्हणून बोलावले जाईल. जे डोळ्यांनी पाहिले त्याच्यावरच सही करा. कोऱ्या कागदावर सही करणारा पंच निर्दोषाला अडकवतो, नाहीतर गुन्हेगाराला सोडवतो. कलम 105 प्रमाणे आता झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. ते झाले का, हे शांतपणे विचारा.

पाचवी गोष्ट, रस्त्यावरची टोळी. जामच्या चौकातून हैदराबादकडे जाणारा महामार्ग आपल्याच तालुक्यातून जातो. गाडी अडवून ड्रायव्हरला मारायचा अधिकार कोणत्याही खाजगी माणसाला नाही. गाडीत बेकायदा काही असेल तर तो पोलिसांचा विषय. गोवंश हत्याबंदीच्या 2015 च्या कायद्यात निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावे असे एक कलम होते. ते मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये रद्द केले. जात, समुदाय, भाषा अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून खून केला, तर न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये फाशी किंवा जन्मठेपेची वेगळी तरतूद आहे. पण आपले जे व्यापारी आहेत त्यांनाही सांगतो, वाहतुकीचे कागद पूर्ण ठेवा. अर्धवट कागदाचा माणूस मला कोर्टात उभा करता येतो, पण सोडवताना दमछाक होते.

पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकिलाला पात्र आहे. 15100 हा विधी सेवेचा नंबर मोबाईलमध्ये घालून ठेवा. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर कलम 479 प्रमाणे त्याला सोडता येते. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा असेल किंवा इतरही केसेस चालू असतील, तर ही सवलत नाही. तुमच्या ओळखीत असे कोणी आत पडून आहे का, हे जमातीच्या मंडळींनी एकदा बसून पाहावे.

आता एक कडू गोष्ट. कायदा आपल्याशी न्यायाने वागावा असे म्हणणाऱ्या समाजाने आपल्या घरातही न्यायाने वागले पाहिजे. नवऱ्याने मारले, मुलीची छेड काढली, की आपल्याकडे चार मोठी माणसे बसतात आणि "घरातली गोष्ट घरात" म्हणून मिटवतात. नशेच्या गोळ्या विकणारा पोरगा आपल्या गल्लीतला आहे म्हणून त्याला झाकतात. हे समाजाचे रक्षण नाही. ज्या ताईला तक्रार द्यायची आहे तिच्यासोबत दोन जणींनी ठाण्यात जावे. हद्द आपली नाही असे सांगून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार परत पाठवता येत नाही. खबरीची नक्कल मोफत मिळते. ठाण्याने नोंद केली नाही तर पोलीस अधीक्षक आणि पुढे दंडाधिकारी यांच्याकडे जाता येते. आपल्या निर्दोष मुलासाठी आपण जो कायदा मागतो, तोच आपल्या मार खाणाऱ्या मुलीसाठीही मागायला हवा.

पोलिसांबद्दल शेवटचे. ठाण्यातला अंमलदार हाही शेतकऱ्याचा, मजुराचा मुलगा असतो. बंदोबस्त, सण, निवडणूक यांत त्याची झोप होत नाही. नीट तपास करणारा पोलीस मी पाहिला आहे आणि त्याच्या तपासापुढे मी केसेस हरलोही आहे. त्याची मला लाज नाही. जिथे तपास खरा, तिथे हरणे हाही न्यायच आहे. माझी लढाई बनावट कागदाशी आहे, खाकीशी नाही.

तर टपरीवरच्या त्या प्रश्नाला माझे उत्तर हे. मी गुन्हेगाराला वाचवत नाही. सरकारने माणूस आत टाकण्याआधी पुरावा दाखवला पाहिजे, ही अट मी वाचवतो. ती अट गेली, तर उद्या तुम्हाला वाचवायला माझ्या हातात काही उरणार नाही.

या सभेनंतर प्रत्येक मोहल्ल्यातून दोन मुले आणि दोन मुली पुढे या. त्यांना अर्ज लिहायला, सूचनापत्र वाचायला आणि विधी सेवा समितीपर्यंत माणूस पोहोचवायला शिकवण्याची जबाबदारी मी घेतो. नावे इथेच द्या.