मान आधी की मागाहून?

भिवंडीत अंजूरफाट्याकडून कामतघरच्या बाजूला वळलं की यंत्रमागांचा खडखडाट कानांवर येऊ लागतो. वऱ्हाळा तलावाच्या या परिसरात जुने रहिवासी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारी पद्मशाली तेलुगू कुटुंबं आहेत आणि उत्तर प्रदेश-बिहारकडून पोटासाठी आलेले कामगारही आहेत. मागावरची पाळी बारा तासांची. आवाज एवढा की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागतं. हवेत सुताचे तंतू तरंगत असतात, तिथे विडी पेटवणं म्हणजे आगीला आमंत्रण. मग तळहातावर तंबाखू-चुना मळायचा, चिमूट गालात सारायची आणि एक बार संपला की दुसरा भरायचा. झोप येत नाही, भूक मरते, पाळी निघते.

ही सवय एकट्या कामतघरची नाही. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जवळपास एक चतुर्थांश प्रौढ न ओढता तोंडात ठेवायची तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण चुन्याबरोबर मळायच्या साध्या तंबाखूची पुडी कुठेही मिळते. शिवाय घराघरांत सकाळी दातांना लावली जाणारी मिश्री आहे, आणि ती लावणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे.

अशा एखाद्या कामगाराच्या जिभेच्या कडेला जखम होते. दुखत नाही म्हणून तो महिनाभर काढतो. मग कुणीतरी सांगतं, डॉक्टरला दाखव. तुकडा तपासायला जातो, कागदावर कर्करोग येतो आणि घरात एकच शब्द उमटतो, ‘टाटा’. ठाणे नाहीतर कल्याण गाठायचं, तिथून लोकलने परळ, आणि टाटा रुग्णालयात फाईल काढायची. गाठ लहान आहे, दोन-अडीच सेंटिमीटरची. सर्जन जिभेचा तेवढा भाग काढू शकतो. सर्जन मान चाचपून पाहतो. हाताला काही लागत नाही. आता प्रश्न असा की मानेवरही शस्त्रक्रिया करायची, की ती तशीच ठेवून वाट पाहायची?

या एका प्रश्नावर जगभरचे सर्जन अनेक दशकं भांडत होते, आणि त्याचं सर्वांत भक्कम उत्तर परळमध्ये मिळालं. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

वाद होता तो फार खऱ्या कारणांवरून. तोंडातला कर्करोग पसरतो तेव्हा पहिल्यांदा उतरतो तो मानेतल्या लसिका गाठींमध्ये. सुरुवातीच्या टप्प्यातल्या साधारण वीस ते तीस टक्के रुग्णांत तो तिथे आधीच पोचलेला असतो, पण इतका सूक्ष्म की बोटांना लागत नाही आणि तपासणीतही हुकू शकतो. म्हणजे सगळ्यांच्या माना उघडल्या तर दहापैकी सात जणांवर गरज नसताना मोठी शस्त्रक्रिया होणार. नाही उघडल्या तर उरलेल्या तिघांत रोग वाढत राहणार. कोणते सात आणि कोणते तीन, हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं.

मानेची शस्त्रक्रिया ही साधी गोष्ट नव्हे. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये ती पद्धतशीरपणे मांडली, तेव्हा गाठींबरोबर मानेचा मोठा स्नायू, गळ्याची मोठी शीर आणि खांद्याकडे जाणारी नस असं सगळंच काढलं जाई. पुढे १९६३ मध्ये अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी दाखवून दिलं की गाठी आणि चरबी ज्या आवरणांत असतात ती आवरणं सोलून काढता येतात, स्नायू, शीर आणि नस मागे ठेवता येतात. आजची शस्त्रक्रिया याच वाटेने जाते. जबड्याखालच्या वळीत छेद घेतात. खालच्या ओठाला हलवणारी बारीक नस आधी शोधून बाजूला जपतात. मग मानेच्या स्नायूखालून जाणारी खांद्याची नस सापडते. ती जाड सुताएवढी असते. तिला जरा जास्त ताण बसला तरी हात खांद्याच्या वर नेताना दुखू लागतो, आणि ती तुटली तर खांदा खाली लोंबतो. ज्याला दिवसभर मागाशी उभं राहून तुटलेला धागा जोडायचा, बीम उचलून लावायचा, त्याच्यासाठी खांदा म्हणजे रोजी. ‘थांबा, गाठ आली तर पाहू’ म्हणणारे सर्जन निष्काळजी नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर हाच खांदा होता.

टाटा रुग्णालयात हा प्रश्न आधीही विचारला गेला होता. १९८९ मध्ये ए. आर. फकीह आणि सहकाऱ्यांनी जिभेच्या कर्करोगाच्या ७० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रान्स, ब्राझील, हाँगकाँग इथेही असे प्रयत्न झाले, पण प्रत्येकात रुग्ण शंभराच्या आतच. एवढ्या थोड्या माणसांत फरक असला तरी तो खात्रीने दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक रुग्णालय आपापल्या गुरूच्या मताने चालत राहिलं.

२००४ मध्ये टाटा रुग्णालयातल्याच डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी चाचणी सुरू केली. तोंडाच्या कर्करोगाचे सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण, मानेत काही न लागणारे. संमती घेऊन त्यांचे दोन गट पाडले गेले, आणि कोण कोणत्या गटात हे सर्जन ठरवणार नव्हता, रुग्णही नव्हता. ती निवड यदृच्छेवर सोडलेली होती. एका गटात तोंडाबरोबरच त्याच बाजूच्या मानेच्या वरच्या गाठी काढायच्या. दुसऱ्यात फक्त तोंडाची शस्त्रक्रिया, आणि मानेत गाठ दिसली तरच मान उघडायची. ज्याने आयुष्यभर एका पद्धतीवर विश्वास ठेवला त्या सर्जनला असं करणं किती जड जातं, ते त्याच्या जागी उभं राहिल्यावरच कळेल. समोर बसलेल्या माणसाला सांगायचं, ‘तुमच्यासाठी कोणतं बरं हे मला खरोखरच माहीत नाही.’ डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य ऐकायची आपल्याकडे सवय नाही. तरी रुग्णांनी होकार दिला. आज त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, पण या संशोधनाचे अर्धे मानकरी तेच आहेत.

दहा वर्षांत ५९६ रुग्ण नोंदले गेले. २०१४ मध्ये आकड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने मधली मोजणी पाहिली, आणि दोन गटांतलं अंतर एवढं होतं की चाचणी तिथेच थांबवावी लागली. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. मान आधीच साफ केलेल्या २४५ जणांत ८१ वेळा रोग परतला आणि ५० मृत्यू झाले. वाट पाहिलेल्या २५५ जणांत रोग १४६ वेळा परतला आणि मृत्यू ७९ झाले. तीन वर्षांनंतर जिवंत असण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात साडेसदुसष्ट. म्हणजे दर आठ शस्त्रक्रियांमागे एक माणूस जास्त वाचला. त्रास वाढला तो किती? शस्त्रक्रियेशी जोडलेल्या गुंतागुंती ३.६ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर गेल्या.

वाट पाहणाऱ्यांचं चुकलं कुठे, तेही या अभ्यासात दिसतं. मानेत गाठ उगवली की लगेच पकडू, असा त्यांचा भरवसा होता. प्रत्यक्षात गाठ हाताला लागेपर्यंत रोग पुढे गेलेला असे, पुष्कळदा गाठीचं आवरण फोडून बाहेर. आणि हे रुग्ण वारंवार तपासणीला बोलावले जात होते, तरी असं झालं. चाचणीबाहेरच्या जगात तर ‘पुढच्या महिन्यात या’ हे शब्द पाळणंही कठीण. मागावरच्या कामगाराला मीटरवर पैसे मिळतात; परळची एक खेप म्हणजे एका पाळीची मजुरी बुडाली. दोन खेपा चुकल्या की तिसऱ्या वेळी गाठ लिंबाएवढी. ज्या देशात रुग्ण परत येईलच याची खात्री नाही, तिथे या निकालाचं मोल दुप्पट आहे.

हे काम मुंबईत होण्यामागे दुःखद कारण आहे. जगात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे जे नवे रुग्ण दरवर्षी निघतात, त्यांतला एक तृतीयांशाहून मोठा वाटा भारताचा. २०२२ च्या जागतिक अंदाजात भारताचा आकडा एक लाख त्रेचाळीस हजारांच्या पुढे होता. पण नुसते रुग्ण असून भागत नाही. १९४१ मध्ये उघडलेल्या टाटा रुग्णालयाने नोंदी ठेवण्याची शिस्त लावली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फली मेहता आणि प्रकाश गुप्ता यांच्या चमूने पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली आणि तो अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. मिश्री, तंबाखू, पांढरे चट्टे आणि कर्करोग यांची सांगड गावच्या ओसरीवर बसून घातली गेली. एवढ्या पायावर उभं राहून डिक्रूझ यांची चाचणी शक्य झाली.

प्रत्येक संशोधनाला दहा वर्षं मिळत नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीने कोविडमधून उठलेल्या लोकांच्या सायनसमध्ये घर केलं, तेव्हा नाक-कान-घशाचे सर्जन दुर्बिणीने सायनस साफ करत होते आणि नातेवाईक ॲम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी वणवण करत होते. वर्ध्याच्या एका कारखान्याने त्याच महिनाअखेरीला ते औषध बनवायला घेतलं. चाचणीला वेळच नव्हता. तरी देशभरच्या डॉक्टरांनी २,८२६ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आणि जुलैपर्यंत छापल्याही. ७८ टक्के रुग्णांना मधुमेह होता, ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलं गेलं होतं. साखर सांभाळा आणि स्टेरॉइड जपून द्या, ही ताकीद या आकड्यांमुळे पक्की झाली.

टाटामध्ये मानेच्या चाचणीहूनही धाडसी काम कर्करोगाच्या औषधांच्या बाजूला झालं आहे. रोग हाताबाहेर गेला की आज जगात निव्होलुमॅबसारखी, शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं देतात. त्यांची किंमत आपल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची. डॉ. विजय पाटील, वनिता नरोन्हा आणि कुमार प्रभाष यांनी विचारलं, एवढा मोठा डोस लागतोच का? त्यांनी नेहमीच्या डोसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दिलं. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. औषध बनवणारी कंपनी हा प्रश्न कधी विचारील असं वाटत नाही. तो गरिबांच्या रांगेसमोर बसणाऱ्या डॉक्टरांनाच सुचतो, आणि म्हणून सरकारी पैशावर चालणारी अशी रुग्णालयं टिकली पाहिजेत.

मानेच्या प्रश्नाचं मात्र एक टोक अजून सुटं आहे. डिक्रूझ यांच्या चाचणीतले सुमारे ८५ टक्के रुग्ण जिभेच्या कर्करोगाचे होते. कामतघरचा कामगार तंबाखू धरतो तो गाल आणि हिरडीच्या खाचेत, आणि तिथला कर्करोग मानेत कमी वेगाने उतरतो असं पुष्कळ सर्जन मानतात. अशा रुग्णांच्याही माना तितक्याच सरसकट उघडायच्या का? फ्रान्स आणि जपानमधल्या चाचण्यांनी दुसरी एक वाट दाखवली आहे. कर्करोग सगळ्यांत आधी ज्या एक-दोन गाठींत उतरेल, त्या खुणेच्या द्रव्याने हुडकायच्या, तेवढ्याच तपासायच्या आणि त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीची मान तशीच ठेवायची. तिथे ही पद्धत टिकली. त्यासाठी लागणारी यंत्रणा, आणि ते तुकडे बारकाईने तपासणारा पॅथॉलॉजिस्ट, जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोचवणं हे पुढचं काम आहे.

त्याआधीचं काम मात्र भिवंडीतच होऊ शकतं. केरळमध्ये १९९६ पासून जवळपास दोन लाख लोकांवर झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन फक्त उजेडात तोंडं पाहिली, आणि तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. कामतघरच्या एखाद्या कारखान्यात पाळी बदलताना हेच करता येईल. गाल बाजूला ओढून हिरडीची खाच बघायची, जीभ दोन्हीकडे वळवून कडा बघायच्या, तोंडात उभी तीन बोटं मावतात का पाहायचं. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा तीन बोटं न मावणारं तोंड दिसलं तर त्या माणसाला त्याच आठवड्यात भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं. आणि पुढे शस्त्रक्रिया ठरलीच, तर घरच्यांनी सर्जनला विचारायचं, ‘डॉक्टर, मानेचं काय करणार आहात?’