पाळीचं दुखणं, गोळ्या आणि तांबी
(मस्तगड, जालना येथे संघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)

तायांनो, मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तांबी बसवली, गोळ्या खाल्ल्या की पिशवीला आजार लागतो म्हणे?" तिनं हळूच विचारलं, पण प्रश्न सगळ्यांचाच आहे, म्हणून आज मोठ्यानं बोलते.

त्या आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भपिशवीच्या आत जसं अस्तर असतं, तसंच पिशवीच्या बाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ वाढतं. पाळीत तेही सुजतं, त्यातून रक्त येतं, पण बाहेर पडायला वाट नसते. म्हणून जीव जाईल असं दुखतं. संबंधाच्या वेळी, शौचाला बसतानाही दुखतं. काहींना दिवस राहत नाहीत. पाळीच्या वयातल्या साधारण दहा बायांत एकीला हा आजार असतो. म्हणजे आपल्या एकेका गटात एखादी असू शकते, आणि ती गप्प असते.

माझंच सांगते. वयात आल्यापासून पाळीला मी दोन दिवस आडवी असायचे. दुसरं लेकरू झाल्यावर पुढं माला-एन सुरू केली, दुखणं गेलं. चार वर्षांनी बंद केली तर दुप्पट दुखायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, गोळ्यांनीच केलं. मलाही पटलं. एका खाजगी दवाखान्यात तर थेट "पिशवी काढून टाका" म्हणाले. माझं वय तेव्हा २९. घाबरून दुसरीकडं दाखवलं. तिथल्या मॅडमनी सोनोग्राफी केली, लहानपणापासूनचं विचारलं आणि म्हणाल्या, "आजार जुनाच आहे, गोळीनं झाकला होता."

गोळी सोडलेल्या बायांत हा आजार जास्त दिसतो, असं काही अभ्यासांतही आलंय. पण दुखतं म्हणूनच कित्येक जणी गोळी घेतात, आणि सोडली की दुखणं उघडं पडतं. डॉक्टर तीच गोळी या आजारावर उपचार म्हणूनही देतात. बीपी असेल किंवा लेकरू सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल, तर मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. दर तीन महिन्यांच्या अंतरा इंजेक्शननं पाळी थांबू शकते. ते रक्त पोटात साचत नाही, ही भीती सोडा. तांबीनं हा आजार होतो असं दिसलेलं नाही, पण पहिले काही महिने रक्त आणि कळा वाढतात. आधीच जबर दुखत असेल तर बसवायच्या आधी नर्सताईला सांगा.

पिशवी काढायची घाई तर करूच नका. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोडीच्या बायांचं काय झालं ते २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे समितीनं दाखवलं: तपासणीत १३ हजारांहून जास्त बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. आणि या आजारात अस्तर पिशवीबाहेर असतं, त्यामुळं पिशवी गेली तरी दुखणं राहू शकतं.

तीन महिने पाळीची तारीख आणि दुखणं वहीत लिहा, ती वही डॉक्टरला दाखवा. सोमवारी आम्ही तिघी जालन्याच्या शासकीय स्त्री रुग्णालयात जाणार आहोत. अजून कुणाला यायचं असेल तर बैठक संपल्यावर मला सांगा, रिक्षात एक जागा आहे.