मोटारीची विचारपूस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मंडळात आजवर बोलले ते लोणच्यावर, नाहीतर बाळंतिणीच्या लाडवांवर. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "भिशीच्या दिवशी गाडीची हकीकत सांगितलीत, तीच सभेत सांगा. आता पुष्कळजणींच्या दारात मोटार आहे." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या घरी २०२१ साली मोटार आली. नवी नव्हे, एका गृहस्थांनी तीन वर्षे वापरलेली. कागद आमच्या नावावर झाले, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. आता सारे झाले असे आम्हांला वाटले.

पुढच्या वर्षी श्रावण लागला तेव्हा थोरलीला पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून साताऱ्याला आणत होतो. तिला सातवा महिना. हे गाडी चालवीत होते, मी मागे तिच्याजवळ. खंबाटकीचा घाट चढताना, बाहेर अंधार आणि पाऊस, चाकापुढचा आकड्यांचा पडदा एकाएकी काळा पडला. वेग किती, डिझेल किती, काही दिसेना. गाडी चालू होती, पण पुढे काय होईल कोण सांगणार? मागून ट्रकांची रांग. पोरीने माझा हात धरला तो घाट संपेपर्यंत सोडला नाही. वर आल्यावर ह्यांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली, पुन्हा सुरू केली, तेव्हा पडदा उजळला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यांकडे नेली. त्यांनी बॅटरी बदलली. साडेचार हजार गेले. आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. मग वायर बदलली. पुन्हा तेच. हे त्यांच्यावर चिडले, पण त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष? बिघाड बॅटरीत नव्हता, वायरीतही नव्हता.

गौरीच्या सणाला माझा भाचा आला. तो गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. त्याने विचारले, "मावशी, सॉफ्टवेअर तपासून घेतलेत का?" मी म्हटले, "ते मोबाईलमध्ये असते ना रे?" तेव्हा त्याने मला समजावून सांगितले. आजच्या मोटारीत एक नव्हे, पुष्कळ लहान लहान कॉम्प्युटर असतात. इंजिनाला डिझेल किती द्यायचे ते एक पाहतो, ब्रेकचे दुसरा, अपघातात फुगणाऱ्या एअरबॅगचे तिसरा, पडद्याचे चौथा. प्रत्येकाला कारखान्यातून कामाच्या सूचना दिलेल्या असतात. त्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर.

मला ते असे उमगले. पाककृतीच्या वहीत मिठाचे माप चुकले असेल, तर पातेले बदलून भाजी सुधारेल का? वहीच दुरुस्त करायला हवी. आम्ही साडेचार हजारांचे पातेले बदलीत बसलो होतो!

आणि ऐका. ही चूक कंपनीला सहा महिन्यांपूर्वीच कळली होती. गाडी आणून दाखवा, फुकट दुरुस्त करून देऊ, असा निरोपही तिने धाडला होता. पण तो गेला पहिल्या मालकाच्या मोबाईलवर. आमचा नंबर आम्ही कंपनीकडे कधी नोंदवलाच नव्हता. माझ्या मुलीचा जीव घाटात टांगणीला लागला, तो एका न पोहोचलेल्या निरोपापायी.

म्हणून मैत्रिणींनो, निरोपाची वाट पाहू नका, आपणच विचारा. गाडीच्या आर.सी.वर चासी नंबर असतो. अक्षरे आणि आकडे मिळून सतरा. त्यात इंग्रजी ओ, आय आणि क्यू ही अक्षरे नसतात. शून्याशी आणि एकाशी घोटाळा होतो ना, म्हणून. ओ दिसला तर तो शून्य समजावा. हा नंबर घेऊन कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करावा, नाहीतर मुलांना कंपनीच्या संकेतस्थळावर घालायला सांगावा, आणि विचारावे, "या गाडीचे काही रिकॉल किंवा सॉफ्टवेअरचे काम बाकी आहे का?" जुनी गाडी घेतली असेल तर आपले नाव आणि फोनही त्याच वेळी नोंदवावा.

गाण्यांच्या मोठ्या पडद्यावर सेटिंगमध्ये जी आवृत्ती दिसते, ती बहुधा त्या पडद्यापुरतीच असते. ब्रेक आणि एअरबॅग यांचे बहुतेक गाड्यांत वर्कशॉपमध्येच, स्टिअरिंगच्या खालच्या खाचेत यंत्र जोडून पाहतात. शिवाय लाल दिवा लागला नाही म्हणजे सर्व ठीक, असेही धरून चालू नये.

हे नुसते पडद्याचे दुखणे नव्हे. २०१० साली टोयोटा कंपनीने ब्रेकचे सॉफ्टवेअर सुधारण्यासाठी जगभरातून प्रियस वगैरे सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या बोलावल्या. आपल्या देशात २०२२ च्या ऑक्टोबरात किया कंपनीने ४४,१७४ कॅरेन्स गाड्या एअरबॅगचे सॉफ्टवेअर तपासायला बोलावल्या. सुधारणा लागली तर ती फुकट. २०१९ च्या कायदादुरुस्तीने तर सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार सरकारलाही दिला आहे. तेव्हा विचारायला लाजू नये.

पण उगीच हौसही नको. काही बाकी नाही असे उत्तर आले तर गाडी सुखाने वापरावी. "सॉफ्टवेअर टाकून अ‍ॅव्हरेज वाढवून देतो" म्हणणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नये. काम चालू असता घाईही करू नये. मध्येच वीज तुटली तर सूचना अर्धवट राहतात आणि गाडी सुरूच न होण्याची भीती असते. काय केले ते बिलावर लिहून घ्यावे, जुनी आवृत्ती कोणती, नवी कोणती.

आमचे काम पाऊण तासात झाले. एक पैसा लागला नाही. कोजागिरीच्या रात्री दूध आटत असतानाच मुलीला कळा सुरू झाल्या. त्याच गाडीतून तिला दवाखान्यात नेले. मी वाटभर पुढे वाकून पडद्याकडे पाहत होते. तो एकदाही विझला नाही. पहाटे नात झाली.

आता माझी एकच विनंती. आज घरी गेल्यावर आर.सी. काढा आणि ती सतरा अक्षरे एका कागदावर लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला येताना तो कागद आणा. भाच्याला बोलावते, आपण एकेकीचा फोन लावून विचारू. घरातल्या माणसांची विचारपूस आपण रोज करतो. ज्या गाडीत त्यांना बसवतो, तिचीही कधीमधी करावी.